निम्मं आईचं, निम्मं बापाचं

खळदकर सर फार चांगले शिक्षक होते, हे मी आधीच सांगून टाकते. पुढे ते सांगायची माझी इच्छा उरणार नाही.

पिंपळे गुरवमधल्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि मी गणित. दहावीचे दोन वर्ग म्हणजे एकाच मोठ्या खोलीचे दोन भाग होते. मध्ये प्लायवूडची भिंत, तीही छताच्या हातभर खाली संपलेली. त्या फटीतून सरांचा आवाज माझ्या वर्गात यायचा. मी फळ्यावर वर्गसमीकरण सोडवत असायचे आणि माझी निम्मी मुलं पलीकडचं ऐकत असायची. आनुवंशिकतेचा धडा सुरू झाला की मी मुलांना उदाहरणं सोडवायला देऊन गप्प बसायचे, कारण तेव्हा मलाही ऐकायचं असायचं.

त्या धड्याला सर मंडईतून मटारच्या शेंगा आणायचे. मुलांनी त्या सोलायच्या, गोल दाणे एकीकडे काढायचे, सुरकुतलेले दुसरीकडे. बाजारच्या मटारातला सुरकुतलेला दाणा हा बहुतेक वेळा नुसता शिळा दाणा असतो, हे सरांनाही ठाऊक होतं. पण मुलांच्या हाताला काम हवं, असं त्यांचं म्हणणं. तास संपला की दाणे मुलंच खाऊन टाकायची. मग कानाच्या पाळ्या. शेजारच्याची पाळी सुटी आहे की चिकटलेली, ते बघायचं. “आता घरी जाऊन आईचा कान बघा, बापाचा बघा. बाप झोपलेला असताना बघा, नाहीतर तोच तुमचा कान धरेल.”

सरांना डस्टर चालत नसे. फळा तळहातानं पुसायचे आणि तळहात पँटला. त्यामुळे त्यांच्या सगळ्या पँटींची उजवी बाजू कायमची पांढुरकी. मुद्दा अवघड आला की डोळे मिटून घ्यायचे आणि आवाज खाली आणायचे. आवाज खाली गेला की वर्ग पुढे झुकायचा.

“प्रत्येक गुणाच्या तुमच्याकडे दोन प्रती असतात. एक आईनं दिलेली, एक बापानं. प्रभावी गुण म्हणजे वर्गाचा मॉनिटर. एकटा असला तरी त्याचाच आवाज. अप्रभावी म्हणजे मागच्या बाकावरचा. एकटा असला की असून नसल्यासारखा. त्याच्याचसारखा दुसरा शेजारी येऊन बसला, की मग बघा.”

मग ते चार घरांचा चौकोन काढायचे. आईकडे एक गप्प बसलेला, बापाकडे एक गप्प बसलेला. आईबाप दोघं ठणठणीत. आणि चारातल्या एका घरात ते दोघं गप्प बसणारे एकत्र येतात. “आणि हे दर मुलाला नव्यानं. पहिल्याला झालं म्हणून दुसऱ्याला सूट नाही, आणि पहिला सुटला म्हणून दुसरा सुटेलच असंही नाही.” शेवटी फळ्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि वर्गाकडून म्हणून घ्यायचे, “निम्मं आईचं, निम्मं बापाचं. कुणी फुशारकी मारायची नाही, कुणी तोंड लपवायचं नाही.” प्लायवूडच्या अलीकडे माझी मुलंही ते पुटपुटायची.

नुसतं फळ्यापुरतं होतं म्हणावं, तर तसंही नाही. एकदा नववीतल्या एका मुलीचे वडील तिचा दाखला न्यायला आले. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारा, इथलाच जुना गाववाला माणूस. घरात तिसरी मुलगी झाली होती. बायकोला त्यानं माहेरी घालवलं होतं आणि थोरलीची शाळा बंद करून तिला घरकामाला लावायचं ठरवलं होतं. मुख्याध्यापकांचं तो ऐकेना. सर त्याला प्रयोगशाळेत घेऊन गेले. मी तिथेच बसून पेपर तपासत होते. सरांनी शिवणाच्या तासाच्या डब्यातून बटणं काढली आणि त्याच्यासमोर मांडली.

“ही तुमच्या मालकिणीची. दोन्ही पांढरी. ती पोराला यातलं एक देणार. काय देईल?”

“पांढरंच देनार की.”

“ही तुमची. एक पांढरं, एक काळं. तुम्हीही एकच देणार. दोन पांढरी जमली की मुलगी, पांढऱ्याजोडी काळं आलं की मुलगा. आता काळं कुणाकडून यायचं?”

त्या माणसानं काळं बटण बोटानं सरकवून बघितलं. मग म्हणाला, “म्हंजी हे माझ्यामुळं व्हय?”

“मुळं न्हाई,” सर त्याच्याच बोलीत म्हणाले. “तुमच्याकडून. ‘मुळं’ म्हनलं की दोष आला. कुठलं बटण निघंल ते तुमच्या हातात न्हाई, तसंच तिच्याबी हातात न्हाई. मग दोष कुनाचा?”

“कुनाचाच न्हाई.”

“मग बाईला घरी आना. आन् पोरीला उद्या शाळेत धाडा.”

त्यानं दोन्ही केलं. ही गोष्ट पिंपळे गुरवभर झाली. त्यानंतर लोक सरांकडे घरगुती भांडणं घेऊन यायला लागले. सरांचा शब्द म्हणजे तपासून घेतलेला शब्द, असं लोक धरून चालायचे. हे लक्षात ठेवायला हवं.

सुवर्णा त्यांची विद्यार्थिनी. तिचे वडील लातूरकडून आलेले, कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये पत्रे दाबायच्या मशीनवर होते. शाळेमागच्या चाळीत भाड्याच्या खोलीत सगळं कुटुंब. विज्ञानात ती कायम पहिली. सरांनी तिला पुस्तकं दिली, बारावीला घरी बोलावून शिकवलं, बी. एस्सी.ला पाठवलं. आणि तिचं शिक्षण पुरं झाल्यावर एका रविवारी स्वतः त्या खोलीत जाऊन आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली. तिचे वडील बावरून गेले. “सर, तुमी सोता आलाव? सांगावा धाडला असता तर मीच आलो असतो की,” एवढंच त्यांना बोलता आलं.

सरांनी पत्रिका बघितली नाही. स्टाफरूममध्ये ते अभिमानानं म्हणाले, “मी सून आणतोय ती उत्तरपत्रिका बघून.” आमचे भूगोलाचे मोरे सर चेष्टेखोर. ते म्हणाले, “पत्रिका नको, रक्त तपासा, असं तुम्ही मुलांना सांगता. मग तपासलं का?”

सर हसले. “आमच्याकडे चार पिढ्यांत कुणी फिक्कट पडलेला नाही मोरे. तपासायचं काय त्यात?”

सगळे हसले. चहा आला.

सर आणि मी एकाच सोसायटीत राहायचो. ते माझ्या वरच्या मजल्यावर. त्यामुळे पुढचं सगळं मी जिन्यात, दारात आणि त्यांच्या बैठकीच्या खोलीत पाहिलं. मुलगा अभिजित चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता, शिफ्टनं जाऊन-येऊन. अभिजित वाईट मुलगा नव्हता. वाईट असायलाही काहीतरी करावं लागतं. तो काहीच करायचा नाही.

लग्नानंतर सुवर्णाला ओम झाला तेव्हा तो गुटगुटीत होता. पाच-सहा महिन्यांचा झाल्यावर तो पांढरा पडायला लागला. दूध ओढेना, किरकिर थांबेना. सांगवीतल्या डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथून आल्यावर सुवर्णा मला जिन्यात भेटली. पोर खांद्यावर झोपलेलं.

“बाई, ओमला थॅलेसेमिया निघाला. मेजर.”

मला तो शब्द माहीत नव्हता. तिनं मला समजावलं, आणि समजावताना तिच्या तोंडात सरांचीच भाषा होती. “अप्रभावी आहे बाई. माझ्याकडे एक होता, अभिजितकडे एक होता. आमचे दोघांचे रिपोर्ट आले, दोघंही मायनर. आम्हाला कधी काही झालं नाही. ओमला दोघांकडूनही तोच आला. त्याच्या अंगात रक्त टिकत नाही. आता दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरून द्यावं लागणार, जन्मभर.”

“सर काय म्हणाले?”

“सर अजून काही बोललेले नाहीत.”

मला वाटलं, आता तिला सांभाळून घेईल असा माणूस घरातच आहे. दुसऱ्या कुठल्या घरात या मुलीला सगळं नव्यानं समजावून सांगावं लागलं असतं. इथे तर सासराच या विषयाचा मास्तर.

सरांनी अभिजितचं रक्त दुसऱ्या लॅबमध्ये तपासून घेतलं, मग तिसऱ्या. सगळीकडे तेच आलं. त्यानंतर ते रिपोर्टबद्दल बोलायचेच थांबले. डॉक्टरांनी आजी-आजोबांनाही तपासायला सांगितलं होतं, म्हणजे नात्यातल्या इतरांना सावध करता आलं असतं. सर म्हणाले, म्हाताऱ्यांना सुया टोचून काय साधणार.

मग देवदर्शनाचं निमित्त काढून ते सुवर्णाच्या गावी जाऊन आले. तिच्या चुलत आजीपाशी, शेजारच्या म्हाताऱ्यांपाशी बसून त्यांनी विचारपूस केली. कुणाची पोरं लहानपणी गेली, कशानं गेली, पोट फुगलं होतं का, रंग कसा होता. परत आल्यावर मला जिन्यात थांबवून म्हणाले, “सापडलं बाई. हिच्या आत्याची दोन मुलं अशीच पांढरी पडून गेली. मूळ तिकडे आहे.”

एखादा धडा वर्गाला नीट कळला की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं. तेच समाधान मी तेव्हा पाहिलं. मी म्हणाले, “सर, ते निम्मं झालं. उरलेलं निम्मं?”

“अभिजितचा रिपोर्ट तसा सीमारेषेवरचा आहे,” ते म्हणाले आणि जिना चढून गेले.

हा माणूस अडाणी असता तर मी त्याला माफ केलं असतं.

ओमच्या पहिल्या वाढदिवसाला मोजकीच माणसं होती. आदल्याच दिवशी त्याला रक्त दिलेलं, त्यामुळे गालांवर रंग होता. साताऱ्याहून सरांची थोरली बहीण आली होती. ती ओमला मांडीवर घेऊन सगळ्यांदेखत म्हणाली, “आपल्या घराण्यात असलं कधी नव्हतं बाई. कुठून आणलंस गं हे, सुवर्णा?”

सगळ्यांनी सरांकडे बघितलं. या प्रश्नाचं उत्तर त्या खोलीत त्यांच्याइतकं नेमकं कुणाला येत होतं? सर म्हणाले, “हिच्या आत्याची दोन मुलं अशीच गेली.”

सुवर्णा स्वयंपाकघरातून ताटल्या घेऊन येत होती. तिनं त्या टेबलावर ठेवल्या. लग्नानंतरही ती त्यांना सरच म्हणायची.

“सर, आत्याचं खरं आहे. माझ्याकडून आलं हे मी पहिल्याच दिवशी मान्य केलं. पण एकट्या माझ्याकडून आलं असतं, तर ओम माझ्यासारखाच ठणठणीत असता. हे तुम्हीच शिकवलंत.”

“ते परीक्षेपुरतं असतं,” सर म्हणाले. “घर पुस्तकावर चालत नाही.”

अभिजित मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होता.

“तुम्ही एकदाच म्हणा सर,” सुवर्णा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “या सगळ्यांसमोर. निम्मं आमचं आहे, एवढंच म्हणा. मग मी पुन्हा हा विषय काढणार नाही.”

सरांनी ओमकडे बघितलं. “केक कापून घ्या. पोर झोपेला आलंय.”

तिला त्यांच्याकडून फक्त एक वाक्य हवं होतं. ते त्यांनी शेकडो मुलांना फुकट वाटलं होतं. ज्या मुलीला आपण होऊन घरात आणलं, तिला ते द्यायला त्यांचं तोंड उघडलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी ती राहिली असती. डॉक्टरांनी एक वाट दाखवली होती. दुसरं मूल होऊ द्यावं, पोटात असतानाच त्याची तपासणी करता येते. ते निरोगी असलं आणि ओमशी जुळलं, तर त्याची अस्थिमज्जा देऊन ओम बरा होण्याची शक्यता होती. खात्री नव्हती, पण शक्यता होती. सुवर्णा तयार होती. पण पोटातलं मूल तपासायचं म्हणजे दोष दोन्हीकडून येतो हे घरानं कबूल करायचं. सर म्हणाले, “आणखी एक तसलंच पोर काढायचं आहे का?” अभिजितनं मान खाली घातली. त्या महिन्यात सुवर्णा ओमला घेऊन निघाली. तिनं कपड्यांच्या दोन पिशव्या आणि ओमची औषधं घेतली.

सांगवीत तिनं एक खोली घेतली. चाकणच्या एका कंपनीच्या तपासणी विभागात तिला काम मिळालं. पहाटे नाशिक फाट्यावरून कंपनीची बस, दिवसभर तिची आई ओमपाशी. रक्त द्यायच्या दिवशी रजा, आणि त्या रजांपायी कायम सुपरवायझरची बोलणी. घटस्फोट राजीखुशीनं झाला, असं कागदावर आलं. सोसायटीत कुणी विचारलं तर सर सांगायचे, “सुनेत दोष होता. नाइलाज झाला.” लोक मान हलवायचे. खळदकर सर सांगतायत म्हटल्यावर पुढचं काय विचारायचं?

त्या दिवसांत मंगलाकाकू, म्हणजे सरांची बायको, दुपारी माझ्याकडे येऊन बसायची. ती फार बोलणारी नव्हती. एकदा वाटाणे निवडता निवडता म्हणाली, “बाई, मला माझं रक्त तपासायचं होतं. हे नको म्हणाले. म्हणाले, आपल्या बाजूनं निघालं तर ते तुझ्याकडूनच निघेल, तुझी बहीण लहानपणी गेली होती ना. मग पुढे काय करशील, कुणाला तोंड दाखवशील? झाकलेलं आहे ते झाकलेलं राहू दे.” तिनं निवडलेले वाटाणे पुन्हा न निवडलेल्यांत मिसळले आणि नव्यानं निवडायला लागली. “सुवर्णा गेली ती माझ्यापायी गेली, असं वाटतं मला. मी हे कुणाला सांगू शकत नाही.”

वर्षभरानं अभिजितचं दुसरं लग्न ठरलं. मुलगी चिंचवडची, वडील बँकेतून निवृत्त झालेले. सुवर्णाला ते कळलं तशी ती माझ्याकडे आली. “बाई, माझ्यासोबत चला. एकटी गेले तर लोकांना वाटेल भांडायला आले.”

आम्ही गेलो. मुलीच्या वडिलांनी बसायला सांगितलं, चहा सांगितला. सुवर्णा म्हणाली, “लग्न मोडा असं मी म्हणत नाही काका. खुशाल करा. फक्त आधी मुलीचं रक्त एकदा तपासा. साधी चाचणी आहे. तिच्यात काही नसेल तर माझ्या मुलासारखं मूल होण्याची भीती नाही. असेल तर आधी कळलेलं बरं.”

तो माणूस भला होता. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि आमच्यासमोरच सरांना फोन लावला. आमच्यापासून काही लपवायचं नाही म्हणून स्पीकरवर ठेवला. सरांचा तोच समजावणारा, खाली आणलेला आवाज खोलीभर झाला. “सोडलेली बाई आहे हो, ती बोलणारच. तिच्या माहेरची केस आहे, मी स्वतः जाऊन बघून आलोय. मी उभा जन्म हेच शिकवलंय. तुमचा माझ्यावर विश्वास आहे की नाही, एवढं सांगा.”

फोन बंद करून ते गृहस्थ ओशाळल्यासारखे म्हणाले, “सर एवढं सांगतात म्हणजे…”

चहा तसाच ठेवून आम्ही उठलो. रस्त्यावर आल्यावर सुवर्णा म्हणाली, “बाई, ते वाईट शिक्षक असते ना, तर कुणी त्यांचं ऐकलं नसतं.”

लग्न झालं. मुलगी झाली, आणि ती अगदी धडधाकट निघाली. सर पेढ्यांचा पुडा घेऊन मजल्या-मजल्यावर फिरले. माझ्या दारात उभे राहून म्हणाले, “बघा बाई. ठणठणीत. आता तरी पटलं ना, आमच्यात काही नव्हतं?”

“सर, एक मूल बरं निघालं म्हणून…”

“तुम्ही गणिताच्या बाई,” ते हसून म्हणाले आणि पुढच्या दाराकडे वळले.

गणिताची होते म्हणूनच तर मला कळत होतं. नव्या सुनेत तो दोष नसावा, किंवा असला तरी चार घरांतल्या बऱ्या घरात ते मूल पडलं असावं. या मुलीकडेही बापाचा तो गप्प बसलेला आला असेल, नसेल. कुणी तपासणार नाही, आणि उद्या तिच्या लग्नाच्या वेळी कुणी विचारणारही नाही. हे सरांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. निसर्गानं त्यांच्या खोटेपणाला साथ दिली होती, आणि तो त्याचे पेढे वाटत होता. चुकून ‘तो’ लिहिलं. राहू दे.

ओम तिकडे मोठा होत होता. रक्तातलं लोह साठून राहू नये म्हणून त्याला रोज औषध घ्यावं लागायचं. कळत्या वयाचा झाल्यावर ते तो स्वतःच घ्यायला लागला. शाळेत जायचा. आजोबांच्या सोसायटीपासून रिक्षानं दहा मिनिटांवर राहायचा, पण त्या दहा मिनिटांत इकडून तिकडे कधी कुणी गेलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी मी माण गावात लेकीकडे राहायला आले. त्याच्या थोडं आधी सरांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. त्या दिवशी मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

अभिजितची पहिली शिफ्ट होती, तो दुपारनंतर येणार होता. मंगलाकाकू एकटी घाबरली म्हणून मी सोबत गेले. चिंचवडमधलं लहानसं हॉस्पिटल. सर बाकावर बसलेले, काकू त्यांच्या शेजारी, मी समोर. भूल देणारी डॉक्टर आली, तरुण मुलगी. तिनं रक्ताचा रिपोर्ट चाळला आणि सहज विचारलं, “आजोबा, तुमचं हिमोग्लोबिन जरा कमी दिसतंय, पेशीही लहान आहेत. काळजीचं काही नाही. थॅलेसेमिया मायनर आहे का तुम्हाला? पूर्वी कधी तपासलं होतं?”

“हो,” सर म्हणाले.

“माहीत आहे ना? मग ठीक आहे.” तिनं काहीतरी लिहिलं आणि ती पुढच्या पेशंटकडे गेली.

काकू सरांकडे बघत होती. “कधी तपासलंत?”

सर समोरच्या भिंतीकडे बघत होते. “तेव्हाच. ओमच्या वेळी.”

“तेव्हाच?”

“एकटाच जाऊन आलो होतो.”

“आणि मला म्हणालात, तू तपासू नकोस. निघालं तर तुझ्याकडून निघेल.”

“तुला तपासून काय मिळणार होतं?” सर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, शरमही नव्हती. वर्गात एखाद्यानं भलताच प्रश्न विचारल्यावर यायचा तसा कंटाळा होता.

“झोप मिळाली असती,” काकू म्हणाली.

तिनं मांडीवरची पिशवी माझ्याकडे दिली. तिच्यात थर्मास होता, टॉवेल होता, सरांचा बदलायचा सदरा होता. ती उठली, पदर नीट केला आणि मला म्हणाली, “बाई, सुवर्णाचा पत्ता सांगा.”

मी सांगितला. सांगवीतली कुठली गल्ली, खाली मेडिकलचं दुकान, वर दुसरा मजला. तिनं तो एकदा स्वतःशी म्हणून बघितला आणि दाराकडे चालायला लागली. सरांनी तिला हाक मारली नाही.

थोड्या वेळानं मला विचारलं, “घरी गेली का?”

“सांगवीला गेली.”

“तिला एकटीला नाही सापडायचं ते.”

“विचारेल कुणाला तरी,” मी म्हणाले.

ते ओमबद्दल विचारतील म्हणून मी थांबले होते. त्यांनी विचारलं नाही.

आतून नर्स आली. “आजोबा, चला. घड्याळ, अंगठी, कवळी असेल तर काढून नातेवाइकांकडे द्या.” तिनं माझ्याकडे बघितलं. “मावशी, तुम्ही यांच्या कोण?”

“शेजारी.”

“सहीला रक्ताच्या नात्यातलं कुणी आलेलं नाही का?”

सर मनगटावरचा पट्टा सोडवत होते. “नाही,” ते म्हणाले, आणि घड्याळ माझ्या हातात दिलं.